रूबेन-सानांचा ग्लोव्ह आणि माझी वेणी

दिवाळी अंकाच्या ताईंनी फोनवर सांगितलं, "जपानमधल्या तुमच्या कामाबद्दल लिहा. फक्त शिस्त, स्वच्छता आणि वेळेवर येणारी गाडी, हे तेवढं सोडून." म्हणजे परदेशातल्या मराठी माणसाच्या लेखातला पाऊण ऐवज त्यांनी पहिल्या वाक्यातच काढून घेतला. उरलेला पाव माझ्याकडे आहे का, या धास्तीनं लिहायला बसलेय. शिक्षण आठवी, तेही सहामाहीपर्यंत. शुद्धलेखनाची माफी आत्ताच मागून ठेवते. माझी सवयच आहे ती: माफी आधी मागायची, चूक मागाहून सावकाश सापडते. या देशात ही सवय फार कामाला येते. माझ्या नवऱ्याला सगळे म्हणतात, "तुमच्या मिसेस किती पटकन इथल्या झाल्या!" अहो, मी इथली झाले नाही, मी कोल्हापुरापासूनच घाबरट आहे.

नवरा कावासाकी शहरातल्या एका कंपनीत यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासतो. त्याच्या व्हिसाच्या शेपटीला धरून मी आले. शेपटीला आठवड्यातून अठ्ठावीस तास कामाची परवानगी असते. आमच्या ओळखीच्या बायका ते तास इंग्रजी शिकवण्यात घालवतात, नाहीतर कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, गल्ल्यावर उभ्या राहतात. मी योकोहामात ग्लोव्ह शिवते. बेसबॉलचे. इथल्या मराठी मंडळात मात्र "स्पोर्ट्सच्या दुकानात आहे" एवढंच सांगायचे. चामडं म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचा येतो, आणि आडनावानंतर "वडील काय करायचे?" हा. हे प्रश्न विमानातून सामानाबरोबर येतात. त्यांना कस्टमवाले अडवत नाहीत.

वडील, आम्ही दादा म्हणायचो, कोल्हापुरी चपला करायचे. तळ आणि टाच पुरुषांनी ठोकायची, पट्ट्यावरची वेणी बायकांनी घालायची, अशी आमच्यात वाटणी. चामड्याच्या सुतळीएवढ्या वाद्या कापायच्या आणि त्या एकमेकींत गुंफत न्यायच्या. आठवीत मला शाळेतून काढलं ते त्यासाठीच. दादा म्हणाले, "शाळेत तुझ्यावाचून अडत नाही, इथं अडतंय." हे त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

आता ग्लोव्हचं सांगते. क्रिकेटवाल्यांनी विकेटकीपर डोळ्यासमोर आणू नये. बेसबॉलमध्ये मैदानावरचा प्रत्येक जण एका हातात भलामोठा चामडी पंजा घालून उभा असतो. पंजाच्या अंगठ्यात आणि तर्जनीत एक जाळी असते. चेंडू खरा अडकतो तो तिथं. पंजाचे सगळे तुकडे लांब वादीनं ओवून एकत्र बांधलेले असतात. चामडं पुष्कळ टिकतं, वादी आधी तुटते. मग ती उकलून नवी ओवायची. फार ओढली तर पंजा आखडतो, सैल सोडली तर चेंडू निसटतो. हेच सगळं काम. ओगावा-सान ते चाळीस वर्षं करतायत आणि दर वेळी, पहिल्यांदाच करतोय असा सुस्कारा सोडतात.

हे ओगावा-सान म्हणजे माझे मालक; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. मला नोकरी मिळाली ती त्यांच्या काचेमुळे. स्टेशनमागच्या गल्लीतून चालले होते, दुकानाच्या काचेतून पाहिलं तर हा म्हातारा वादीशी झटापट करत होता. भोक लहान, वादी रुंद. मी बाहेर उभी. निघवेना. शेवटी आत शिरले, माझ्या जवळचे दोन्ही जपानी शब्द वापरले, त्यांच्या हातातली चामडं कापायची रापी घेतली आणि वादीचं टोक तिरकं कापून दिलं. ती सुळकन गेली. त्यांनी वादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझं आडनाव विचारलं ते फक्त फॉर्मवर लिहायला.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक डेंटिस्टांची हौशी टीम आहे. रविवारी हरते आणि सोमवारी नऊच्या नऊ ग्लोव्ह दुरुस्तीला आणते. दोष जाळीचा. एक कंपनीतले साहेब दर वसंतात ग्लोव्हला तेल लावून घेतात, त्याला वर्षानुवर्षं मातीचा एक कण लागलेला नाही. "यंदा खेळणार," म्हणतात. आम्ही दोघं कमरेत वाकून शुभेच्छा देतो.

आणि रूबेन-सान.

पहिल्यांदा आले तेव्हा मी घाबरले, हे कबूल करते. सहा फुटांच्या वर उंची, वय ऐंशीच्या पुढे, काळाकभिन्न रंग, डोक्यावर कापसासारखे केस. दारातून वाकून आत आले आणि अस्सल योकोहामाच्या म्हाताऱ्यासारख्या जपानीत म्हणाले, "ओगावा, मेलास का जिवंत आहेस?" त्यांची जपानी माझ्या जपानीपेक्षा साठ वर्षांनी मोठी होती. अमेरिकेच्या दक्षिणेतला माणूस, सैन्यातून इथं आला, फुमिको नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि इथंच राहिला. अमेरिकी लष्कराच्या तळावर ट्रक चालवला. फुमिको-सान जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर गुरुवारी ते दुकानात येऊन बसत. काम काही नसे.

मला ते डॉक्टर म्हणत. "काय डॉक्टर, पेशंट वाचणार का?"

सैन्याच्या आधी, अगदी कोवळ्या वयात, ते बेसबॉल खेळायचे, सेकंड बेसवर. काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये काळ्यांना कैक वर्षं पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून यांनी आपल्या टीम काढल्या, आपली मैदानं भरवली. दोन-दोनशे मैल बसनं जायचं, खेळायचं, हजारो लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग गावातल्या एकाही हॉटेलात खोली मिळायची नाही. झोपायचं बसमध्ये. जेवण मागच्या दारानं कागदात गुंडाळून. पाण्याचे नळ दोन, एक यांचा, एक त्यांचा. हे सांगताना रूबेन-सान थांबले आणि मला विचारलं, "कळतंय का? माझी जपानी अवघड होतेय?"

म्हटलं, "नळापर्यंत सगळं कळलं. आमच्या आज्याच्या गावात नळ नव्हता, विहिरी होत्या. त्यापण दोन."

 ते ओगावा-सानांना म्हणाले, "हिचा पगार वाढव." तो वाढला नाही, पण आमच्या गुरुवारच्या गप्पा पक्क्या झाल्या.

तसे रूबेन-सान थापाडे होते, हेही लिहायला हवं. नाहीतर मेलेल्या माणसाचा लगेच संत होतो. त्यांनी एका नामी बोलरचा चेंडू टोलवला होता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो कुंपणाबाहेर पडला होता. गणपतीपर्यंत तो चर्चच्या छपरावर पोचला. पुढच्या उन्हाळ्यात चर्चच्या खिडकीतून आत गेला आणि आत चाललेलं लग्न थांबलं. ओगावा-सान म्हणाले, "मागच्या वेळी लग्न नव्हतं." रूबेन-सान शांतपणे म्हणाले, "तेव्हा जमलं नव्हतं."

एका बाबतीत मात्र त्यांनी कधी काही फुगवलं नाही. मी विचारलं होतं, मोठ्या लीगनं मग काळ्यांना आत घेतलं ना? म्हणाले, "घेतलं. दार उघडलं म्हणतात. दार चार गुणी पोरांसाठी उघडलं, आणि बाकीचे ज्या घरात राहत होतो ते घर बसलं. मी त्या घरातला शेवटच्या भाडेकरूंपैकी. सामान आवरताना आलेला."

मध्यंतरी अमेरिकेतल्या थोरांनी ठरवलं की काळ्यांच्या त्या लीगलाही मोठी लीग मानायचं, त्यांचे आकडेही मोठ्या वहीत घ्यायचे. ही बातमी इथं पोचली आणि आमच्या वॉर्डात एकाएकी शोध लागला की आपल्यामध्ये एक जिवंत इतिहास राहतो. चाळीस वर्षं त्यांना कचरा चुकीच्या पिशवीत टाकल्याबद्दल चिठ्ठ्या लिहिणारे शेजारी आता सही मागू लागले. लगोलग गौरव समिती निघाली. नागाई-सान तिचे प्रमुख, निवृत्त बँक मॅनेजर, बेसबॉलच्या जुन्या वस्तू जमवणारे. ठरलं असं की नदीकाठच्या मैदानात एका शनिवारी सत्कार करायचा आणि त्यांचा तरुणपणीचा ग्लोव्ह काचेच्या पेटीत मांडायचा.

ग्लोव्ह घेऊन रूबेन-सान एका गुरुवारी आले. वाळलेल्या पपईच्या सालीसारखा झाला होता तो. जाळी तर फाटल्यातच जमा. मी विचारलं, "याचं काय करायचं?"

"चेंडू झेलता आला पाहिजे," ते म्हणाले. "बाकी तुमची मर्जी, डॉक्टर."

मी जीव ओतून काम केलं. जुन्या वाद्या उकलल्या. कसल्या त्या वाद्या, आणि कसल्या त्या गाठी! एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, घोंगड्याचं बोचकं बांधल्यासारख्या. मी आणि ओगावा-सान पोट धरून हसलो. "कुण्या हमालानं मारल्यात?" मी म्हटलं. जाळीची भोकं इतकी नाजूक झाली होती की दुकानातली वादी घातली असती तर चामडं चिरलंच असतं. मग मी केसांच्या पिनेएवढ्या बारीक वाद्या कापल्या आणि आमच्या घरची वेणी घातली. तीन पदरी, मधे पाठ देऊन, म्हणजे वादी पालथी वळवून, टोक आत दडवून. वर एरंडेल जिरवलं. जुने तुकडे गोळा केले, त्यातली पितळी कडी धातूच्या डब्यात, चामडं जळणाऱ्या कचऱ्यात. मंगळवारी गाडी आली आणि घेऊन गेली. एवढ्या नेमानं कचरा वेगळा केल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

बुधवारी नागाई-सान आले. पांढरे सुती हातमोजे घालून त्यांनी ग्लोव्ह उचलला. ग्लोव्हला हात लावायला ग्लोव्ह! मला हसू येत होतं, तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला.

"मूळ वाद्या कुठे आहेत?"

"जळल्या," मी म्हटलं. जपानीत हा शब्द मला पक्का येतो, कचऱ्यामुळे.

पुढचं सगळं मला समजलं नाही, पण 'मूळ' हा शब्द सात-आठ वेळा आला. ओगावा-सान इतके वाकले की मला त्यांच्या टकलावरचा तीळ दिसला. मीही वाकले. त्यांच्यापेक्षा आधी उठायचं नसतं, म्हणून दोघं तसेच राहिलो. शेवटी नागाई-सानांनी तोडगा काढला: शुक्रवारपर्यंत ही वेणी उकला, साधी वादी घाला, आणि ती चहाच्या पाण्यात बुडवून जुनी दिसेल अशी करा. म्हणजे मूळ झालं. नाहीतर वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या लीगचं काम, ज्यावर आमचं दुकान निम्मं चालतं, समिती दुसरीकडे देईल.

ते गेल्यावर मी माझं रेसिडेन्स कार्ड पाकिटात आहे का ते तीनदा पाहिलं. जणू मला दुकानातूनच परत पाठवणार होते. ओगावा-सान म्हणाले, "सुरेखा-सान, उकलू नका इतक्यात. ज्याचा ग्लोव्ह आहे त्याला विचारा."

रूबेन-सान टेकडीवरच्या सरकारी वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. रिकाम्या हातानं माफी मागायची नसते, म्हणून मी डबाभर उकडलेल्या शेंगा नेल्या. शेंगा पाहून ते हरखले. त्यांच्या गावी मैदानाच्या दाराशी हेच विकायचे, अशाच मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. जमिनीवर फतकल घालून आम्ही शेंगा फोडत बसलो आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते इतके हसले की ठसका लागला. "मूळ? नागाईला म्हणावं, त्या वाद्या फुमिकोच्या पर्सच्या पट्ट्याच्या होत्या. माझ्या मूळ वाद्या इथं पहिल्याच पावसाळ्यात कुजल्या. तिनं पर्स कापली आणि ओवल्या. गाठीही तिच्याच."

मी हातातली शेंग खाली ठेवली. हमाल म्हणाले होते मी त्या गाठींना. आणि तिच्या पर्सची कडी धातूच्या डब्यात.

"मला आवडायच्या नाहीत त्या गाठी," ते म्हणाले. "चेंडू निसटायचा."

"मग बदलल्या का नाहीत?"

"तुम्ही केलेली भाजी बिघडली तर नवरा काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत."

"शहाणा आहे."

मग ते नुसत्याच शेंगा सोलत राहिले, खाल्ल्या नाहीत. मी म्हटलं, "उकलते मी वेणी. चहात बुडवून देते."

"उकलून फुमिको मिळणार आहे का?" त्यांनी ग्लोव्ह हातात घातला, दुसऱ्या हाताची मूठ जाळीवर दोनदा आपटली. "कुठं शिकलात हे?"

सांगितलं. दादांचं, चपलांचं, आठवीच्या सहामाहीचं. ते म्हणाले, "तुमच्या त्या मंडळात माहीत आहे?"

"स्पोर्ट्सच्या दुकानात आहे म्हणून सांगते."

"मीही चाळीस वर्षं फक्त ट्रक चालवतो म्हणून सांगत आलो," रूबेन-सान म्हणाले. "खेळायचो म्हटलं की विचारायचे, कुठल्या लीगमध्ये. मग ते समजावत बसा. लोकांना अवघडल्यासारखं होतं. शेवटी मीच त्यांची सोय बघायला लागलो." आणि डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "चूक केली, डॉक्टर. त्यांना होऊ द्यायचं होतं अवघडल्यासारखं."

शनिवारी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, बँड होता, वॉर्डप्रमुखांचं भाषण होतं. भाषणात 'अन्याय' हा शब्द फार वेळा आला. सगळा अमेरिकेतला. काचेची पेटी उघडून ठेवली होती. नागाई-सान हातमोजे घालून पुढे झाले. रूबेन-सानांनी ग्लोव्ह दिला नाही. माईक घेतला आणि आपल्या त्या म्हाताऱ्या जपानीत म्हणाले, "आधी आम्हाला काचेच्या बाहेर उभं केलं. आता काचेच्या आत ठेवताय. मधे थोडा वेळ खेळू द्या." आणि खुर्चीतून उठून काठी ओगावा-सानांच्या हातात देऊन मैदानात गेले.

चेंडू टाकायचा मान वॉर्डप्रमुखांचा. त्यांनी तो असा काही टाकला की तो रूबेन-सानांच्या डोक्यावरून नदीत जाणार. माझा जीव वेणीच्या टोकात अडकला होता. तुटली तर दुकान जाणार, फुमिको-सान तर आधीच घालवल्या होत्या. रूबेन-सानांनी डावा हात उचलला. फार नाही, जेवढा लागतो तेवढाच. 'थप्' असा जाड आवाज आला. चेंडू जाळीत रुतला होता.

सगळ्यात आधी टाळ्या नागाई-सानांनी वाजवल्या. हातमोज्यांमुळे आवाज आला नाही.

थंडी संपता संपता रूबेन-सान गेले. ग्लोव्ह त्यांनी माझ्या नावानं ठेवला, असं लिहिता आलं असतं तर लेख बरा झाला असता. पण तो समितीला द्यायचा कागद त्यांनी आधीच सही करून दिला होता. मला माझा शेंगांचा डबा परत मिळाला, धुतलेला.

यंदा वॉर्डाच्या आंतरराष्ट्रीय मैत्री मेळ्यात त्यांच्या आठवणींचं प्रदर्शन लागलं. त्याच हॉलमध्ये, आपली पुष्कळ माणसं राहतात त्या हिगाशी-कसाईहून आपल्या मंडळाचं लेझीमपथक आलेलं. लेझीम झाल्यावर मंडळाच्या शर्वरीवहिनी पैठणी सावरत माझ्याबरोबर प्रदर्शन बघायला आल्या. त्या फार प्रेमळ आहेत. मला इंग्रजी येत नाही हे त्यांच्या सतत लक्षात असतं. काचेच्या पेटीत रूबेन-सानांचा ग्लोव्ह होता. शेजारी जपानीत आणि इंग्रजीत पाटी.

"थांब, मी सांगते तुला," म्हणून वहिनींनी वाचून अर्थ सांगितला. "मूळ अवस्थेत जतन केलेला ग्लोव्ह. जाळीवरची हातानं घातलेली ही दुर्मीळ वेणी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या कारागिरांची पिढीजात कला." मग काचेला नाक लावून म्हणाल्या, "बघ ना किती नाजूक! यांना कलेची किंमत आहे गं. आपल्याकडे असलं काम करणारं कोण आहे?"

नागाई-सान पेटीमागेच उभे होते. मला पाहून त्यांनी मान वळवली. ओगावा-सान पेटीसमोर हात जोडून डोळे मिटून होते. मी काही बोलले नसते तर सगळ्यांची सोय झाली असती. नोकरी होती, वहिनींनी माझ्यासाठी आणलेला डाळवडा होता, पाटी छापून झाली होती. आणि नेमकी ती शेंगा सोलणारी बोटं आठवली.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा खाली बघा."

त्यांना वाटलं काही पडलं. त्या फरशी शोधू लागल्या, पेटीखाली वाकून पाहिलं, मग पैठणीच्या निऱ्या उचलल्या. खाली त्यांचे पाय होते. पायांत कोल्हापुरी होत्या. पट्ट्यावर तीन पदरी वेणी, मधे पाठ दिलेली, टोक आत दडवलेलं.

"ती माझ्या माहेरची," मी म्हटलं. "ही पेटीतली माझी. मी चपला करणाऱ्याची मुलगी. स्पोर्ट्सच्या दुकानात चामडं शिवते."

माझा आवाज मोठा झाला असावा. आख्खा हॉल वळला. वहिनी निऱ्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, चांगलंच, आणि मी माफी मागितली नाही. नागाई-सान लगबगीनं पुढे आले आणि ओगावा-सानांना हळूच विचारू लागले, "काय म्हणतायत त्या? काय म्हणतायत?"

ओगावा-सानांना मराठीतला म येत नाही. त्यांनी डोळे उघडले, वहिनींचे पाय पाहिले, पेटी पाहिली.

"त्या म्हणतायत," ते म्हणाले, "की काम मूळचंच आहे."